स्टँडवरच्या मावशी

“मावशी, आटपा आता. साहेब दोनदा विचारून गेले.”

हातात भलं मोठं कुलूप घेऊन स्टँडचा वॉचमन महिला प्रसाधनगृहाच्या दारात उभा होता. आत मावशी शेवटच्या संडासात वाकून फरशी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“उद्यापासून लॉकडाउन, इथे चिटपाखरू फिरकणार नाही,” वॉचमन म्हणाला. “मग हे घासताय कुणासाठी?”

“म्हणून आज घाण ठेवून जाऊ? कुलपाच्या आत काय आहे ते तुला दिसणार नाही, पण मला माहीत असणार ना.”

त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, खराट्याने ते दारापर्यंत ओढत आणलं, आरशावरून फडकं फिरवलं आणि खिडकीतल्या डब्यातल्या दोन रोपांना पाणी घातलं. मग एक डबा इकडच्या काखेत, एक तिकडच्या, अशा त्या बाहेर आल्या. “यांना कुलपात कशाला ठेवू? यांनी काय केलंय?”

वॉचमनने कुलूप लावलं आणि चावी मावशींच्याच हातात दिली. ठेकेदाराचा तसा निरोप होता. ठेकेदार फोनवर म्हणाला होता, “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे मावशी. चावी जपून ठेवा. आणि काम बंद म्हणजे पगारपण बंद, तेवढं समजून घ्या.” मावशींनी समजून घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चावी कमरेला खोचून त्या निघाल्या.

त्या दिवशी स्टँडवर सगळ्यांचीच आवराआवर चालली होती. पुस्तकवाल्याने मासिकं दोरीने बांधली. बूटपॉलिशवाला आपली पेटी घेऊन कधीच गेला होता. प्रसाधनगृहाच्या शेजारी चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्याला सगळे नुसतं भाऊ म्हणायचे; उकळायला ठेवलेलं दूध फेकवत नाही म्हणून तो वॉचमनला, झाडूवाल्याला, दिसेल त्याला बोलावून फुकट चहा पाजत होता.

“या मावशी,” तो म्हणाला, “आज शेवटचा. नंतर घरी बसून एकमेकांच्या आठवणी काढायच्या.”

“शेवटचा काय म्हणतोस? जरा बरं बोल.”

“बरं, मग आजच्यापुरता.”

या भावानेच मावशींना ही नोकरी दाखवली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा लेक प्राथमिक शाळेत होती. मावशी चार घरी भांडी घासत होत्या आणि त्यात भागत नव्हतं. भाऊ म्हणाला, “काम आहे, पण तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही.” मावशी म्हणाल्या, “माझं पोट भरायला लाजत नसेल तर तुझी जीभ कशाला लाजतेय? बोल.” पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि त्यांना भडभडून आलं. त्या बाहेर येऊन बसल्या, भावाकडून तोंड धुवायला पाणी घेतलं, पदर खोचला आणि पुन्हा आत गेल्या. संध्याकाळी आत जाणाऱ्या पहिल्या बाईने नाकाला लावलेला पदर आपोआप खाली घेतला, तेव्हा मावशींना वाटलं, जमेल.

आणि जमलं. सैल कड्या त्यांनी ठेकेदाराच्या मागे लागून बदलून घेतल्या. आरसा स्वतःच्या घरचा आणून लावला. फिनाईलमध्ये पाणी घालू दिलं नाही. भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, “आमच्या मावशींकडे इतकं चकाचक असतं की एक दिवस लोक माझा चहा तिकडे जाऊन पितील.” मावशी त्याच्यावर फडकं उगारायच्या, पण त्या दिवशी त्यांची मान जरा ताठच असायची.

एका ठिकाणी मात्र ती मान खाली जायची. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने सांगून टाकलं होतं, “आई बस डेपोत नोकरीला आहे.” ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. समोरच्यांना वाटलं, ऑफिसात असतील, कागद इकडचे तिकडे करत असतील. लेकीने आईकडे पाहिलं, आईने लेकीकडे पाहिलं आणि दोघी गप्प बसल्या. घर चांगलं होतं. जावई वीज कंपनीत, सासूबाई शिस्तीच्या पण मनाने सरळ, आणि नणंद सरकारी दवाखान्यात नर्स. लग्नानंतर लेक माहेरी यायची ती चाळीतल्या खोलीवर. स्टँडचा विषय कुणीच काढायचं नाही.

कुलूप लागलं आणि पंधरा दिवसांचे महिने व्हायला लागले. मावशी खोलीत बसून कंटाळल्या. सगळी भांडी घासून झाली, मग खिडकीचे गज घासून झाले. शेजारीण म्हणाली, “आता भिंत तरी शिल्लक ठेवा.” लेकीचा रोज फोन यायचा. “आई, बाहेर पडू नकोस. वन्सं सांगतात, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाहीये.”

“नाही पडत गं. कुठे जाणार मी? माझं एकच ठिकाण, त्यालापण कुलूप.”

मग स्टँडवरून काही बस पुन्हा सुरू झाल्या. सगळ्यांसाठी नव्हे, फक्त दवाखान्यातल्या, सफाईच्या आणि पाणीपुरवठ्याच्या माणसांसाठी. मावशींची चाळ स्टँडच्या मागेच होती. सकाळी दूध आणायला जायची तेवढी मुभा होती आणि जवळची वाट स्टँडमधूनच जायची.

अशाच एका सकाळी त्यांना उभ्या बसच्या मागे तीन मुली दिसल्या. दोघी ओढणी ताणून आडोसा करून उभ्या होत्या आणि तिसरी त्यामागे बसली होती. ओढणी धरणाऱ्यांचे चेहरे दुसरीकडे वळलेले. त्यांच्या गळ्यातली दवाखान्याची ओळखपत्रं लोंबत होती. मावशींची चाहूल लागताच त्यातली एक इतकी दचकली की ओढणी हातातून सुटली.

मावशी झटकन पाठ फिरवून चालू लागल्या. पण चाळीपर्यंत पोचता पोचता त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, आपण हाताने घासून पुसून ठेवलेली जागा कुलपात आहे आणि लोकांच्या जिवासाठी राबणाऱ्या पोरी टायरच्या आडोशाला बसतात! दुधाची पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी कमरेची चावी काढली.

कुलूप उघडलं, पण नळाला पाणी नव्हतं. पंप डेपोने बंद करून ठेवला होता. मावशी भावाला शोधत निघाल्या. टपरी बंद पडल्यापासून भाऊ हातगाडीवर भाजी विकत होता आणि धंद्यात अजून मुरलेला नव्हता. बटाटे तोलता तोलता समोरच्या बाईला सवयीने “साखर कमी?” असं विचारून बसायचा.

“भाऊ, तुझा पाण्याचा ड्रम कुठाय?”

“टपरीत पडलाय. का?”

मावशींनी सांगितलं. भावाने तराजू खाली ठेवला. “अहो मावशी, पकडलं तर? ठेका जाईल तुमचा.”

“ठेका माझा नाहीच मुळी, ठेकेदाराचा आहे. माझा फक्त खराटा आहे. तो काही कुणी नेत नाही.”

भावाने भाजीवर गोणपाट टाकलं, टपरी उघडून ड्रम बाहेर काढला आणि हातगाडीवर घालून चाळीच्या नळावरून भरून आणला. त्या दिवसापासून सकाळी आधी ड्रम आणि मग भाजी असा त्याचा क्रम झाला.

साबणाचाही प्रश्न होता. एकाच वडीला सगळ्यांनी हात लावायचा नाही, एवढं मावशींना टीव्हीवरून कळलं होतं. त्यांनी घरची वडी दोऱ्याने कापून तिचे छोटे छोटे तुकडे केले. आत येणारीने एक तुकडा घ्यायचा, हात धुवायचे आणि उरलेला बरोबर न्यायचा. पहिल्या दिवशी कुणी फिरकलंच नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. शेवटी मावशी बसच्या रांगेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाल्या, “बायांनो, आत सोय आहे. पाणी आहे, साबण आहे, दाराला आतून कडी आहे. लाजू नका.”

एकीने पर्स उघडली, “किती द्यायचे?”

“स्टँड बंद आहे ना? मग पैसे कुठले?”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बसमधून एक नर्स उतरली. चेहरा मास्कने झाकलेला होता, पण डावा खांदा किंचित पुढे काढून भरभर चालायची ती ढब त्यांनी लग्नात तीन दिवस पाहिली होती. लेकीची नणंद! मावशींनी आपला मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि खाली वाकून कोरडीच फरशी पुसायला घेतली.

नणंद आत गेली. बाहेर आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “तुम्हाला खरं सांगू? ड्युटीवर पीपीई किट चढवलं की सुटेपर्यंत काढता येत नाही. म्हणून आम्ही आधीपासून पाणीच पीत नाही. सुटल्यावरही घर येईपर्यंत पीत नव्हतो, कारण वाटेत सगळं बंद. आज सकाळी तुमच्या भरवशावर ग्लासभर पाणी पिऊन निघाले. इतकं बरं वाटलं.”

मावशींनी नुसती मान हलवली. बोलल्या असत्या तर आवाज ओळखू आला असता.

दोनच दिवसांनी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने विषय काढला.

“आई, वन्सं सांगत होत्या, स्टँडवर कुणी एक मावशी आहेत. बंदी असताना त्यांनी बायकांसाठी सोय उघडली. सगळ्या नर्सेस त्यांचं नाव काढतात.”

“हो का? चांगलं आहे.”

“आई, ती तूच ना?”

“स्टँडवर मावशा काय कमी आहेत?”

मग लेक हळूच म्हणाली, “मास्क नीट लावत जा हं.”

फोन ठेवल्यावर मावशी तशाच बसून राहिल्या. पोरगी जिवाला जप म्हणाली की तोंड झाक म्हणाली, ते त्यांना कळेना. जिवाला जप म्हणाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आणि मग व्हायचं ते झालं. समोरच्या इमारतीतून कुणीतरी तक्रार केली, स्टँडवर बायका गर्दी करतात म्हणून. एका सकाळी डेपो मॅनेजर स्वतः आले. मागे वॉचमन, त्याच्या हातात कडीवरून काढून घेतलेलं तेच मोठं कुलूप. नुकतीच बस लागली होती आणि दारापुढे सात-आठ जणी अंतर ठेवून उभ्या होत्या.

“कुणाच्या परवानगीने उघडलंत हे?” साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. पण वरून रोज नवा आदेश येत होता आणि हाताखालची निम्मी माणसं आजारी होती. डोळे तांबारले होते त्यांचे.

“कुणाच्याच नाही,” मावशी म्हणाल्या.

“आदेश माहीत नाही तुम्हाला? सार्वजनिक जागा बंद म्हणजे बंद.”

“साहेब, बस चालू केलीत ना तुम्ही?”

“ती अत्यावश्यक सेवा आहे.”

“मग बस चालू, बसमधली माणसं चालू, आणि त्यांचं पोट तेवढं बंद कसं ठेवायचं? ते आदेश कुठे ऐकतं?”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

“हे बघा, इथून कुणाला लागण झाली तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही? तुम्ही डेपोच्या नोकरदारसुद्धा नाही. कोण आहात तुम्ही?”

खरंच, कोण होतो आपण? ठेकेदाराच्या ठेक्यावरची एक बाई. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. वॉचमन कुलूप घेऊन पुढे झाला, पण त्याचाही पाय अडखळतच होता.

“या माझ्या वहिनीच्या आई आहेत.”

रांगेतून नणंद पुढे आली. मावशींनी पदर पुढे ओढला, पण आता त्याला काही अर्थ नव्हता.

“आणि जबाबदारीचं म्हणाल तर मी घेते,” ती साहेबांना म्हणाली. “आत जाऊन बघा तुम्ही. प्रत्येकीला वेगळा साबण आहे, एक बाहेर आली की आतली कडी पुसल्याशिवाय दुसरीला सोडत नाहीत या. आमच्या मेट्रनबाईंना आत्ता फोन लावून देते, त्यांच्याशी बोला. आम्ही या गाड्यांतून येतो म्हणून तुमचा स्टँड चालू आहे ना? मग आमच्यासाठी एवढं करा. नाहीतर आम्हाला बसच्या मागे बसायला लागतं, साहेब. आता तोंडावरच सांगते.”

साहेबांची मान खाली गेली. त्यांना तिघी मुली असल्याचं अख्ख्या डेपोला माहीत होतं. ते आत गेले, बायकांच्या प्रसाधनगृहात आयुष्यात पहिल्यांदा आणि तेही दारात थांबून. बाहेर आले तेव्हा त्यांनी वॉचमनला विचारलं, “पाणी कुठून येतं?”

“भाऊ ड्रम भरून आणतो, साहेब. भाजीच्या गाडीवर.”

“पंप चालू करा. आणि ते कुलूप परत ऑफिसात नेऊन ठेवा.” निघताना ते मावशींकडे न बघताच पुटपुटले, “वरून विचारलं तर मी बघतो काय सांगायचं ते.”

ते गेल्यावर मावशींनी नणंदेचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं.

“कधी ओळखलंस?”

“पहिल्याच दिवशी. तुम्ही रांगेसमोर ओरडलात ना, तेव्हा मी बसच्या खिडकीत होते. तुमचा आवाज मास्कमध्ये मावतो होय?”

“मग बोलली का नाहीस, बाई?”

“तुम्ही तोंड फिरवलंत. मला वाटलं, तुमची मर्जी नसेल.”

“हे बघ,” मावशी घाईघाईने म्हणाल्या, “झालं ते झालं. घरी मात्र बोलू नकोस. पोरीला त्या घरात राहायचंय. लोक काय...”

“घरी?” नणंद हसली. “घरी वहिनीनेच सांगितलं. काल, जेवताना. मी आपली नेहमीसारखी स्टँडवरच्या मावशींचं कौतुक करत होते. वहिनीने वाढता वाढता पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘ती माझी आई आहे. पहिल्यापासून हेच काम करते. याच कामावर मला शिकवलंय.’ एका दमात.”

मावशींनी विचारलं, “आणि विहीणबाई?”

“आई म्हणाली, ‘इतक्या बायका येतात तर तिला साबण पुरतो का?’” नणंदेने पिशवीतून एक जडशीळ पुडकं काढून मावशींच्या हातात ठेवलं. “आज सकाळी दिलंय तिने.”

मावशी पुडकं घेऊन आत गेल्या. मधल्या संडासात त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. बाहेर थांबलेल्या बायकांनीही काही घाई केली नाही.

सगळं हळूहळू उघडत गेलं. आधी निम्म्या बस, मग सगळ्या. ठेकेदार परत आला. कुठल्याशा कार्यक्रमात ‘संकटकाळातली सेवा’ म्हणून त्याला शाल मिळाली, आणि पेपरात त्याचा फोटो आला तो हातात खराटा धरलेला. मावशींनी तो फोटो वॉचमनला दाखवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, कारण त्याने खराटा उलटा धरला होता. पगार मात्र त्यांनी वाढवून मागितला आणि तो द्यावाही लागला, कारण मावशी एक दिवस दिसल्या नाहीत तर नर्सेस त्यांची चौकशी करायच्या.

भावाची टपरी उघडली नाही. बंद असताना भाडं थकलं आणि ती जागा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एकाला गेली. पुस्तकवाला तर परतलाच नाही. तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ हातगाडीवरच राहिला. “भाजीतपण मजा आहे मावशी,” तो म्हणायचा, “दूध नासायची भीती नाही.” पण स्टँडवरून जाताना टपरीच्या जागेकडे तो बघत नसे. मावशींच्या ते लक्षात यायचं. त्या त्याला हाक मारून बोलण्यात गुंतवायच्या आणि तेवढी वाट पार करून द्यायच्या.

थंडी सुरू झाली होती. एका दुपारी स्टँडवर गाडी लागली आणि तिच्यातून लेक उतरली, मागोमाग तिच्या सासूबाई. लग्न झाल्यापासून लेक नेहमी आधीच्या थांब्यावर उतरून मागच्या गल्लीने चाळीत यायची. आज ती इथे उतरली, सासूबाईंचा हात धरला आणि फलाट ओलांडून सरळ चालत आली. मावशी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

“प्रवासात आईंना अवघडल्यासारखं झालं होतं,” लेक म्हणाली, चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “मी म्हटलं, थोडं थांबा, माझ्या आईकडेच जाऊ.”

विहीणबाई आत जाऊन आल्या. बेसिनवर निगुतीने हात धुतले, आरशात बघून केस सारखे केले, मग मागे वळून सगळीकडे एकदा नजर फिरवली.

“छान ठेवलंय हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी मलासुद्धा इतकं जमत नाही.”

मावशींनी खुर्ची पदराने पुसून पुढे केली. विहीणबाई खुर्चीवर टेकल्या. आतल्या फरशीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. ते पुसायला मावशींनी पोछा उचलला, तशी लेक पुढे झाली. तिने पदर खोचला आणि पोछ्याचा दांडा धरला.

“दे आई, मी पुसते.”

मावशींनी तिच्या हातातून दांडा हलकेच सोडवून घेतला.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “माहेरी आलीयेस.”